विद्येचें मोल आणि घाण्याचें तेल

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. यादवकालावरील व्याख्यान आटोपून मी वर्गाबाहेर पडत असतां एक विद्यार्थी मजजवळ आला. बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यांतला तो राहणारा. त्याचे आईबाप दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागतां लागतां परततात. मोठ्या अदबीनें त्यानें विचारलें, "सर, हें सगळें शिकून पुढें काय मिळतें?" प्रश्नांत उद्धटपणा नव्हता. त्याची फी उचलीच्या पैशांतून भरली गेली होती, आणि त्या पैशाचा हिशेब त्यास घरीं द्यावयाचा होता.

अशा प्रश्नाचें उत्तर आम्हां जुन्या पदवीधरांच्या जिभेवर तयारच असतें. विद्या चोरास चोरतां येत नाहीं, भावांत वांटली जात नाहीं, आणि खर्च केल्यानें वाढते, हें सुभाषित आम्हीं बालपणीं घोकलेलें आहे. परंतु त्या दिवशीं तें माझ्या तोंडून बाहेर पडलें नाहीं. एक तर, विद्येची थोरवी गातांना सुभाषितकार तिला धनाच्याच पंक्तीस नेऊन बसवितो, ही गोष्ट इतक्या वर्षांनीं प्रथमच माझ्या ध्यानांत आली. दुसरें असें कीं, दरमहा नियमित वेतन घेणाऱ्या माणसानें ऊसतोड कामगाराच्या मुलास द्रव्याची तुच्छता शिकवावी, हें मला बरें दिसेना. "उद्यां सांगतों," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. त्याच प्रश्नाचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

ज्ञान हें विकण्याची वस्तु नव्हे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. मनूनें श्राद्धास बोलावूं नये अशा ब्राह्मणांच्या यादींत वेतन घेऊन शिकविणाऱ्यास घातलें आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त तर केवळ उपजीविकेसाठीं विद्या जवळ बाळगणाऱ्यास ज्ञानाचा वाणी म्हटलें आहे, आणि हें वचन आमच्याकडे अनेक विद्यालयांच्या वार्षिक समारंभांत ऐकूं येतें. पण हें वचन नाटकांत कोणाच्या तोंडीं आहे, हें पाहिलें म्हणजे मौज वाटते. राजवाड्यांत पगार घेऊन नृत्य शिकविणारे दोन आचार्य आपसांत भांडत आहेत, त्यांतल्या एकाचे हे उद्गार आहेत. आणि त्याच प्रसंगीं विदूषक म्हणतो कीं, यांची झुंज पाहावयाची नसेल तर यांना फुकट वेतन तरी कशाला द्यावयाचें! कालिदासास या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. आम्ही मात्र त्याच्या नाटकांतून एकच बाजू उचलून आणली.

मला असें वाटूं लागलें आहे कीं, 'ज्ञान श्रेष्ठ कीं द्रव्य श्रेष्ठ' हा वाद ज्या रीतीनें आपण घालतों, ती रीतिच चुकीची आहे. ज्ञानासाठीं ज्ञान मिळविणारे लोक आपल्या देशांत झाले, आणि खुद्द बीड जिल्ह्याच्या भूमींतही झाले, यांत संशय नाहीं. पण त्यांपैकीं प्रत्येकाच्या मागें कोणीतरी खर्च सोशीत होता. तो खर्च कोणी सोसला, हें विचारल्यावांचून त्यांच्या निरपेक्षतेची कथा पुरी होत नाहीं. ज्या यादवकालावर त्या विद्यार्थ्यानें प्रश्न केला, त्याच काळापासून आरंभ करूं.

भास्कराचार्याचा जन्म शके १०३६ मध्यें, म्हणजे इ.स. १११४ मध्यें झाला. छत्तिसाव्या वर्षीं त्यानें 'सिद्धांतशिरोमणि' रचला. आपलें गांव सह्याद्रीच्या आश्रयास असून त्याचें नांव विज्जडविड असल्याचें त्यानें स्वतःच सांगून ठेविलें आहे. परंतु तें गांव कोणतें, यावर पंडितांत एकमत नाहीं. कोणी विजापूर म्हणतात, शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारखे साक्षेपी ज्योतिर्विद खानदेशांतील पाटणच्या बाजूस कौल देतात, आणि नामसादृश्यावरून बीडचाही दावा सांगितला जातो. बीडकरांस हा दावा प्रिय असणें स्वाभाविक आहे. मला स्वतःस पाटणचा पक्ष बळकट वाटतो, कारण तेथें दगडावर कोरलेला पुरावा आहे. त्या पुराव्याकडेच आपणांस जावयाचें आहे.

चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस डोंगराच्या कुशींत पाटण हें ओसाड गांव आहे. तेथील भवानीच्या देवळांतील शिलालेख मुंबईचे प्रसिद्ध डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणिला. (वैद्यकीच्या धंद्यांत मिळविलेला पैसा या गृहस्थांनीं जुनीं नाणीं, पोथ्या आणि ताम्रपट यांवर सढळ हातानें खर्च केला, आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्यांच्यावरच एक निराळा लेख होईल.) त्या लेखांत भास्कराचार्याची वंशावळ आहे. त्याचा पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपाल यानें आपल्या दरबारीं नेलें. लक्ष्मीधराचा पुत्र चंगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चंगदेवानें आपल्या आजाच्या ग्रंथांचें अध्ययन अखंड चालावें म्हणून पाटण येथें एक मठ स्थापन केला, आणि निकुंभ वंशांतील सोइदेव नांवाच्या मांडलिकानें शके ११२८ मध्यें त्या मठास उत्पन्न लावून दिलें.

येथपर्यंतची हकीकत आमच्या पाठ्यपुस्तकांतही सांपडते. लेखाच्या शेवटीं जो भाग आहे, त्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. वंशवर्णन आणि स्तुति संस्कृत श्लोकांत. परंतु पैशाची गोष्ट निघतांच लेख संस्कृत सोडून त्या काळच्या बोलींत, म्हणजे जुन्या मराठींत शिरतो. तें योग्यच झालें, कारण ती कलमें ज्यांनीं पाळावयाचीं त्यांस तीं समजणें अवश्य होतें. पाटणच्या पेठेंत जो माल विकावयास उघडला जाईल त्यावरील सरकारचा कांहीं हक्क मठास दिला आहे; गिऱ्हाइकाकडून पांच पोफळी घ्यावयाच्या आहेत; आणि गांवांत जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांपासून दर घाण्यामागें एकेक पळी तेल मठास पोंचावयाचें आहे.

त्या मठांत काय शिकविलें जात असेल, याची कल्पना करण्यास भास्कराचार्याचे ग्रंथ आपणांपाशीं आहेत. 'लीलावतीं'त व्यापाऱ्यास उपयोगी पडेल असें पुष्कळ आहे: व्याज, भागीदारी, सोन्याचा कस, धान्याच्या राशी. पण भास्कराचार्य तेथेंच थांबला नाहीं. बीजगणितांत त्यानें असा एक प्रश्न घेतला आहे कीं, ज्याच्या वर्गास ६१ नें गुणून त्यांत १ मिळविला असतां पुन्हां पूर्ण वर्गच येतो, असा अंक कोणता? लहानांत लहान उत्तर २२६१५३९८० हें आहे, आणि त्यापासून येणाऱ्या वर्गाचें मूळ १७६६३१९०४९. चक्रवाल नांवाच्या रीतीनें त्यानें तें थोडक्यांत काढून दाखविलें. पुढें पांचशें वर्षांनीं, इ.स. १६५७ मध्यें, फ्रान्समधील फर्मा यानें हाच प्रश्न युरोपांतील गणितज्ञांपुढें आव्हान म्हणून टाकिला. या उत्तरानें बाराव्या शतकांत कोणाच्या ताटांत एक घांसही अधिक पडला नसेल. याहून शुद्ध अशी ज्ञानाची हौस दाखविणें कठीण.

आतां या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्या. एकीकडे दहा अंकांची ती संख्या. दुसरीकडे दिवसभर बैलामागें फिरून घाणा गाळणारा पाटणचा तेली, आणि त्यानें दिलेलें पळीभर तेल. त्याच तेलाच्या उजेडांत मठांतील विद्यार्थी रात्रीं पोथी वाचीत बसला असेल. त्यास द्रव्याची इच्छा नव्हती, हें आपण मान्य करूं. त्यास द्रव्याची इच्छा धरावी लागली नाहीं, कारण त्याच्या दिव्याची सोय आधींच झालेली होती, हेंही मग मान्य केलें पाहिजे.

पाटणाहून आतां बीड जिल्ह्यांत, आंबेजोगाईस येऊं. सिंघण यादवाच्याच अमलांत तेथें खोलेश्वर नांवाच्या सेनापतीचा अधिकार होता. हा ब्राह्मण योद्धा विदर्भांतून आलेला. त्याचा पुत्र राम हा गुजराथच्या स्वारींत कामास आला, आणि भावाच्या स्मरणार्थ लक्ष्मी नांवाच्या बहिणीनें आंबेजोगाईस मंदिर बांधिलें, असें शके ११६२ च्या शिलालेखावरून दिसतें. खोलेश्वरानें देवळें बांधिलीं, तसेच विद्वान् ब्राह्मणांस अग्रहारही दिले. अग्रहार म्हणजे सगळें गांव किंवा त्याचा वसूल विद्वानांच्या निर्वाहास तोडून देणें. जमीन कसणारे कुणबी तेच राहत. राजाच्या कोठारांत जाणारें धान्य शास्त्र्याच्या घरीं जाऊं लागे, एवढाच फरक. त्या घरीं मग वेद, न्याय, ज्योतिष यांची परंपरा चाले, आणि तेथें विद्या विकली जात नसे. विकण्याचें कारणच उरलें नव्हतें.

ही विद्या कोणत्या भाषेंत होती, हा प्रश्न पैशाच्या प्रश्नास लागूनच येतो. मराठींतला आद्य ग्रंथ म्हणून ज्याचें नांव परंपरेनें घेतलें जातें तो मुकुंदराजाचा 'विवेकसिंधु'. त्याचा शक १११० असल्याचें ग्रंथांतच सांगितलें आहे, जरी पुढील संशोधकांनीं त्यावर पुष्कळ शंका काढल्या. ग्रंथांतील आंबानगर म्हणजे वैनगंगेच्या कांठचें आंभोरें, असाही एक पक्ष आहे. आंबेजोगाईच्या लोकांनीं मात्र हा वाद केव्हांच निकालांत काढिला आहे: गांवाबाहेर दरींत मुकुंदराजाची समाधि दाखवितात आणि तेथें यात्रा भरते. तें कसेंही असो. ज्यास अग्रहारांत प्रवेश नव्हता आणि ज्याच्या धान्यावर अग्रहार चालत होता, त्यास समजेल अशा भाषेंत वेदांत सांगणारा ग्रंथ निघाला, ही गोष्ट मला भास्कराचार्याच्या त्या संख्येइतकीच मोठी वाटते. घेतलेल्या तेलाची ती थोडीशी परतफेड होती.

पुढें साडेतीनशें वर्षांनीं आंबेजोगाईस दासोपंत आले. शके १४७३ मध्यें नारायणपेठच्या एका देशपांडे घराण्यांत त्यांचा जन्म झाला. त्यांच्या बालपणाची आख्यायिका प्रसिद्ध आहे. वडिलांकडून सरकारी वसुलाचा भरणा वेळेवर झाला नाहीं, म्हणून बेदरच्या बादशहानें मुलास ओलीस ठेवून घेतलें. मुदतींत रक्कम न आल्यास मुलास मुसलमान करण्यांत येईल, असें ठरलें. मुदत संपतां संपतां एक अनोळखी पाडेवार रक्कम घेऊन हजर झाला आणि मुलगा सुटला. तो पाडेवार म्हणजे प्रत्यक्ष दत्तात्रेयच, असें चरित्रकार सांगतात. आख्यायिकेच्या खरेखोटेपणाशीं आपणांस कर्तव्य नाहीं. पैशाच्या मोबदल्यांत आपण स्वतः तारण म्हणून ठेवले गेलों होतों, ही जाणीव ज्या मुलास झाली, त्यानें पुढें वतनदारीकडे पाठ फिरवावी, ही गोष्ट मनाला पटते.

आंबेजोगाईस राहून दासोपंतांनीं जें लिहिलें त्याचा विस्तार पाहून छाती दडपते. एकटा 'गीतार्णव'च सव्वा लक्ष ओव्यांचा सांगितला जातो. कागद अपुरा पडला म्हणून कीं काय, त्यांनीं सुमारें चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडी पासोडीवर पंचीकरणाचा ग्रंथ आकृत्यांसह लिहून काढिला. ती पासोडी आंबेजोगाईस जपून ठेवलेली आहे, आणि मराठीच्या अभ्यासकानें ती एकदां तरी पाहावी. दासोपंत रोज एक ढब्बू पैशाची शाई संपवीत, असें लोक सांगतात. संतचरित्रकारांनीं त्यांच्या चमत्कारांचीं वर्णनें केलीं. पण गांवाच्या स्मरणांत राहिला तो शाईचा रोजचा खर्च. लोकांची स्मृति कधीं कधीं पंडितांपेक्षां शहाणी असते. ग्रंथ लिहावयास शाई लागते, शाईस ढब्बू लागतो, आणि तो रोज कोठून तरी आणावा लागतो.

या परंपरेवर पहिला खडा सवाल टाकिला तो जोतीराव फुल्यांनीं. १८८२ मध्यें हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढें त्यांनीं जें निवेदन ठेविलें, त्याचें सार असें कीं, सरकारचें उत्पन्न रयतेच्या श्रमांतून येतें, तें वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतें, आणि ज्यांच्या घामाचा तो पैसा त्यांच्या मुलांस साधी प्राथमिक शाळाही मिळत नाहीं. त्या मुलांस काय शिकवावें, हेंही त्यांनीं सांगितलें: मोडी आणि बालबोध वाचन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचें ज्ञान, नीति आणि आरोग्य. आमच्यापैकीं कांहीं विद्वान् या यादीस 'केवळ उपयोगी शिक्षण' म्हणून नाक मुरडतात. ज्यास सावकाराचा कागद वाचतां येत नाहीं त्याला हिशेब शिकविणें ही धनलोभाची दीक्षा नव्हे, हें त्यांच्या लक्षांत येत नाहीं. पाटणच्या शिलालेखांत तेल्याकडून तेल घेण्याचें कलम आहे. तेल्याच्या मुलास मठांत घेण्याचें कलम नाहीं. फुल्यांचें म्हणणें याहून निराळें नव्हतें.

पुण्यांतील नव्या शिक्षणसंस्थांनीं दुसरी वाट काढिली. १८८४ मध्यें स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर आयुष्याचीं वीस वर्षें देण्याचें पत्करिलें. विद्येचा खर्च येथें शिक्षकानें स्वतःच्या संसारांतून सोसावयाचा होता. व्रत थोर खरें. पण वेतनवाढ आणि बाहेरील मिळकत यांवरून थोड्याच वर्षांत संस्थापकांत तेढ पडली आणि १८९० मध्यें टिळक बाहेर पडले. त्या वादांत कोणाचें बरोबर, हें ठरविण्याचें हें स्थळ नाहीं. निरपेक्ष विद्यादानाचा प्रश्न थोरांच्या घरींही अखेर रुपये-आण्यांवरच येऊन अडला, एवढें नमूद करितों.

निजामाच्या राज्यांत हा प्रश्न अधिक तीव्र होऊन पुढें आला. बीड जिल्हा १९४८ पर्यंत त्या राज्यांत होता, आणि आंबेजोगाईचें सरकारी नांव मोमिनाबाद असें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राज्यकारभारांत फारसीच्या जागीं उर्दू आली. १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघालें. देशी भाषेंतून सर्व उच्च शास्त्रें शिकविण्याचा तो धाडसी प्रयोग होता, आणि त्यासाठीं भाषांतराचें स्वतंत्र खातें उघडून जें काम झालें त्याचें श्रेय नाकारणें कोतेपणाचें होईल. परंतु ती देशी भाषा मराठवाड्यांतील कुणब्याची नव्हती. मराठी मुलास प्राथमिक वर्ग ओलांडतांच परक्या लिपींत शिरावें लागे, आणि तहसील-कचेरींतल्या कारकुनीपर्यंतची वाट त्याच लिपींतून जात असे. अशा वेळीं आंबेजोगाईस १९१७ मध्यें योगेश्वरीच्या नांवानें मराठी शाळा निघाली. औरंगाबादेस सरस्वतीभुवन दोन वर्षें आधीं निघालें होतें. या शाळांत मुलगा घालणें म्हणजे नोकरीकडे जाणारी सरळ वाट सोडून आडवाटेस लागणें होतें. ज्या आईबापांनीं तें केलें, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोणत्याही इतिहासांत नाहींत.

या शाळेंत १९३५ मध्यें स्वामी रामानंद तीर्थ आले. त्यांचें पूर्वाश्रमींचें नांव व्यंकटेश भगवान खेडगीकर. जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यांतील सिंदगीचा. सोलापुरास शिकत असतां असहकारितेच्या चळवळींत त्यांनीं सरकारी शाळा सोडिली, आणि पुढें टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची एम्. ए. ही पदवी घेतली. या पदवीचें त्या काळच्या बाजारांत मोल शून्य होतें. कोणतेंही सरकार ती ओळखीत नसे. कामगार-पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखालीं कांहीं काळ काम केल्यावर १९२९ मध्यें ते उस्मानाबाद जिल्ह्यांतील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत शिक्षक म्हणून गेले. ही शाळा १९२१ मध्यें व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनीं काढिली होती. तेथें असतांनाच १९३० च्या संक्रांतीस त्यांनीं संन्यास घेतला. ज्या स्वामी रामतीर्थांच्या परंपरेंत तो घेतला, ते स्वतः लाहोरास गणिताचे प्राध्यापक होते आणि ती जागा सोडून संन्यासी झाले होते, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. हिप्परग्याहून स्वामीजी आंबेजोगाईस आले ते बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह.

संन्याशानें शाळा चालवावी, यांत एक सोय होती: त्याच्या मागें संसार नसल्यानें त्याच्या वांट्याचा खर्च जवळजवळ नाहींसा होत असे. पण सर्वच शिक्षक संन्यासी नव्हते. अशा शाळांतील प्रपंची शिक्षकांच्या घरीं काय स्थिति असेल, तें त्यांच्या बायकांनीं लिहून ठेविलें असतें तर या विषयावरील आमचे पुष्कळसे उद्गार मवाळ झाले असते. त्यागाच्या इतिहासांत ज्याच्या इच्छेनें त्याग झाला त्याचें नांव येतें. ज्याच्या ताटांतून तो झाला त्याचें येत नाहीं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या शाळा 'ज्ञानासाठीं ज्ञान' देत होत्या, असें म्हणणें खरें नाहीं. त्यांस स्वातंत्र्यासाठीं माणसें घडवावयाचीं होतीं. १९३८ मध्यें स्वामीजींनीं शाळा सोडून राजकारणांत उडी घेतली आणि त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत ते सत्याग्रहांत पकडले गेले. पुढच्याच महिन्यांत औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहांतील मुलांनीं 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरिला. तें लोण हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोंचलें, आणि शेंकडों विद्यार्थ्यांचीं नांवें पटावरून कमी झालीं. त्यांपैकीं पुष्कळांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. पुढें देशाचे पंतप्रधान झालेले नरसिंह राव हे त्यांपैकींच एक. विद्यापीठ सोडतांना यांपैकीं कोणासही नागपूरचा दरवाजा उघडेल याची खात्री नव्हती. पदवी ही नोकरीची किल्ली आहे हें त्यांस पुरतें ठाऊक होतें, आणि ती त्यांनीं हातची घालविली. द्रव्यापेक्षां दुसरें कांहीं मोठें मानल्याचें याहून रोकडें उदाहरण मला मराठवाड्याच्या इतिहासांत आढळत नाहीं. पण तें 'दुसरें कांहीं' म्हणजे ज्ञान होतें कीं स्वाभिमान, याचा निवाडा सोपा नाहीं. माझा कल स्वाभिमानाकडे आहे.

स्वाभिमान आणि पोट हीं दोन्ही एकाच वेळीं विद्येकडे मागणारा वर्ग यानंतर पुढें आला. १९५० मध्यें डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस महाविद्यालय काढिलें, आणि त्यास पुढें 'मिलिंद' हें नांव मिळालें. नागसेनास प्रश्न विचारणारा आणि समाधानकारक उत्तर मिळतांच तें प्रामाणिकपणें मान्य करणारा राजा, म्हणून मिलिंदाचें नांव. मराठवाड्याच्या खेड्यांतून, बीड जिल्ह्याच्याही, जीं मुलें तेथें गेलीं त्यांस नोकरी हवी होती. ती मिळविणें म्हणजे गांवकीच्या कामांतून आणि अपमानांतून सुटणें होतें. त्याच मुलांनीं पुढें मराठी वाङ्मयास नवें वळण दिलें. त्यांनीं विद्या पोटासाठीं घेतली म्हणून ती उणी पडली, असें म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये. अग्रहारांतल्या शास्त्र्यास पोटाचा विचार करावा लागला नाहीं, त्याचें कारण यांच्या पूर्वजांच्या पोटांत शोधावें लागेल.

आज आंबेजोगाईस स्वामीजींच्या नांवाचें वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांसाठीं जिल्ह्यांतलीं मुलें लातुरास आणि औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरास, खोल्या घेऊन राहतात, आणि त्यांचे पालक त्यासाठीं शेत गहाण टाकतात. या धांवपळीकडे पाहून 'विद्येचा बाजार झाला' असें आम्ही प्राध्यापक मंडळी चहाच्या पेल्यावर म्हणतों. बाजार झाला हें खरें, आणि त्यांत गणिताची गोडी मरते हेंही खरें. त्या ६१ च्या प्रश्नावर एक तास घालवावा असें आजच्या शिकवणीवाल्यास कधींच वाटणार नाहीं, कारण तो प्रश्न परीक्षेस येत नाहीं. याचें दुःख मलाही आहे. पण शेत गहाण टाकणाऱ्या बापास दोष देण्यापूर्वीं, त्याच्या मुलास निवांतपणें विचार करतां यावा म्हणून पळीभर तेल कोण देतो, हें आम्हीं सांगितलें पाहिजे. पूर्वीं राजा देववीत असे, मग शिक्षकांनीं स्वतःच्या घरून दिलें. आतां ऊसतोडीची उचल देते, आणि ती फेडावी लागते.

त्या विद्यार्थ्यास मीं यांतलें पुष्कळसें पुढील कांहीं दिवसांत सांगितलें. पाटणच्या लेखाचा शेवटचा भाग फळ्यावर लिहून त्याचा अर्थ लावून दाखविला. 'घाणे' आणि 'पळी' हे शब्द त्यास समजावून द्यावे लागले नाहींत. बाकीच्या वर्गास त्यानेंच ते समजावून दिले. त्याच्या पणजोबांच्या गांवीं घाणा होता, असेंही त्यानें सांगितलें. तास संपल्यावर तो पुन्हां मजकडे आला. या खेपेस 'काय मिळतें' हें त्यानें विचारलें नाहीं. भास्कराचार्याच्या वंशांतील इतक्या पुरुषांचीं नांवें लेखांत आहेत, निकुंभ राजांचीं आहेत. त्या घाणेवाल्यांपैकीं एखाद्याचें नांव कोठें कोरलेलें आहे काय, असें त्यानें विचारलें. नाहीं, असें मीं सांगितलें. त्यानें तें वहींत टिपून घेतलें.